तानसेन सोडताना

फाल्गुन संपत आला तशी माझी वर्षाची मुदतही संपली. मागच्या वर्षी मनमाडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुनौलीची हद्द, मग बुटवल आणि पुढे घाटाची बस, असं करत नेपाळमधल्या तानसेनला मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून पोचले होते. हद्द ओलांडली की घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं, परदेश म्हणून जाणवलं ते तेवढंच. पाट्यासुद्धा देवनागरीत.

या हॉस्पिटलची सुरुवात मला फार आवडते. रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला या डोंगरात आले, त्यांच्या पत्नी बेथेल डॉक्टर. पक्षी बघायला आलेल्या माणसांकडे लोक औषधाला येऊ लागले आणि त्या ओळखीतून 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ ही ख्रिस्ती सेवासंस्था आणि तिचं हे हॉस्पिटल उभं राहिलं.

पोखरा पाहिलं, राणीघाटचा महाल पाहिला, तानसेनच्या माथ्यावरच्या टेकडीवरून, श्रीनगर डांड्यावरून, धवलागिरी पाहिला. हिवाळ्यात सकाळी खालचं खोरं धुक्याने काठोकाठ भरतं, तिथले लोक त्याला पांढरं तळं म्हणतात. सुंदरच आहे सगळं. पण डोळ्यांपुढे येते ती वॉर्डातली कोपऱ्यातली खाट.

मंसिरात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, एक सून आली, गुरांसाठी पाला तोडताना झाडावरून पडलेली. तिकडे हे नेहमीचंच. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून सहा आठवडे उताणं पडून राहायचं. सोबतीला सासू. रुग्णाजवळ राहणाऱ्याला तिकडे 'कुरुवा' म्हणतात. रुग्णाचं रांधणं, भरवणं, धुणं सगळं कुरुवाकडे. हे मला सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. दमलेल्या नातेवाइकांवर अजून किती ओझं टाकायचं, असं वाटायचं. त्या सासूने, म्हणजे आमांनी (नेपाळीत आमा म्हणजे आई), माझं मत बदललं.

रोज संध्याकाळी त्या तळहातावर मोहरीचं तेल घ्यायच्या आणि सुनेचं डोकं आपल्या मांडीवर ओढायच्या. वजनाची दोरी हलू नये म्हणून स्वतः खाटेच्या कडेला अंग चोरून बसायच्या. एकेक गुंता बोटांनी सोडवायच्या, कंगवा अगदी शेवटी. मग लाल दोऱ्याची वेणी. डेटॉलच्या वासात तो मोहरीचा वास मिसळला की दिवसपाळी संपली असं समजायचं. मी जवळून गेले की प्रश्न ठरलेला, "खाना खायौ, नानी?" म्हणजे जेवलीस का गं पोरी. 'नाही' म्हटलं की पदराच्या गाठीतून भाजलेला मका आणि भटमास, म्हणजे सोयाबीन, ओंजळीत. त्यांच्याकडे स्वतःपुरतंच असायचं, हे मला चार दिवसांनी कळलं. तोवर मी खाल्लं होतं.

तिकडे आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. रविवारी सकाळी मी वॉर्डात असायचे आणि मनात नगरच्या आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भजनं चालू असायची. आमांना एकदा त्यातलं एक म्हणून दाखवलं. शब्द कळले नाहीत, पण त्यांनी टाळ्यांचा ठेका बरोबर धरला.

"वर्षभर सेवा केलीस", असं आता घरी सगळे म्हणतात. मला ते ऐकवत नाही. मला तिथे रोज कुणीतरी 'जेवलीस का' विचारत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सून तपासणीला आली, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. आमा मागे. एक्स-रे चांगला होता. मी सांगितलं, उद्या मी घरी जाते आहे. पण निरोप घेताना 'जाते' म्हणायला जीभ वळेना. आपल्याकडे कोण म्हणतं तसं? आपण 'येते' म्हणतो. तेच नेपाळीत बोलून गेले, "म आउँछु है, आमा."

त्यांनी माझा हात धरला आणि अगदी सरळ विचारलं, "कहिले?" कधी?

मी काय सांगणार? दसऱ्याला तिकडे सगळी परगावची माणसं घरी येतात, तेच आठवलं. "दसैंमा," म्हणाले.

आमांनी माझी बोटं पसरली आणि पेरांवर मोजायला सुरुवात केली. चैत, बैशाख, जेठ, असार, साउन, भदौ, असोज. सात. सातव्या पेरावर त्यांनी अंगठा दाबून ठेवला.