वाकडी रेघ

मला पॉइंट्स टेबल खालून वर वाचायची खोड आहे. वर कोण आहे ते सगळ्यांना माहीतच असतं हो, पण तळाला जो बसलाय, अकरा मॅचमध्ये दोन पॉइंट आणि गोल डिफरन्स बघवत नाही असा, तो पुढच्या शनिवारी परत बूट बांधून मैदानात उतरणार असतो आणि मला त्याचंच जास्त कौतुक. घरात याला रिकामटेकडेपणा म्हणतात. असेल.

परवा दुपारी जेवून लवंडलो, झोप काही येईना, म्हणून फोनवर इंग्लंडच्या फुटबॉलच्या पायऱ्या उतरत बसलो. प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, त्याच्या खाली आपण नावंही न ऐकलेल्या, आणि असं करत करत नवव्या-दहाव्या पायरीवर पोचलो तर तिथे नॉर्दर्न लीग. स्थापना 1889. आता जगातली पहिली फुटबॉल लीग 1888 ची, म्हणजे ही तिच्या पाठची, वर्षानेच धाकटी, आणि राहते कुठे तर जिन्याखाली! वरच्यांशी जोडून घ्यायला म्हणे यांनी बरीच वर्षं नकारच दिला, आमचं आमच्यापुरतं बरंय म्हणून, आणि शेवटी 1991 ला सामील झाले तोवर वरच्या जागा भरलेल्या. मानपान करत बसलं की पंगतीत शेवटचं पान मिळतं तसलं.

मग काय, झोप उडालीच.

याच लीगमधली एक टीम, इंग्लंडच्या डरहमच्या कोळसा खाणींच्या भागातलं वेस्ट ऑकलंड नावाचं गाव. टीममध्ये खाणकामगार. 1909 साली लिप्टनसाहेबांनी, हो तेच चहावाले, इटलीत टुरिनला एक कप ठेवला आणि इंग्लंडकडून खेळायला गेली ही पोरं. फायनलला स्वित्झर्लंडच्या विंटरथुरला 2-0 ने हरवून कप घेऊन आली. 1911 ला परत गेली आणि फायनलला समोर इटलीचा बडा क्लब युव्हेंटस. 6-1. मी स्कोअर दोनदा वाचला, मला वाटलं उलटा छापलाय. दोनदा जिंकले म्हणून कप कायमचा यांचा, पण क्लबवर कर्ज झालेलं, तेव्हा तो गावातल्या हॉटेलच्या मालकीणबाईंकडे 40 पौंडांना गहाण पडला. सोडवला 1960 ला, 100 पौंड देऊन. आपल्याकडे बायकांच्या पाटल्या जातात तसा यांचा कप गेला.

हे वाचताना मला उगाच आमची शाळेची बी टीम आठवली. बी टीमला जर्सी नव्हती, पण मॅचच्या सकाळी ग्राउंडवर फक्की मारायचं काम मात्र आमचं. तळाला खिळ्याने भोकं पाडलेला डबा, त्यात फक्की, आणि वाकून मागे मागे सरकत डबा हलवत जायचं. एक पोरगा सुतळी धरून उभा. फक्की नखांत जायची, डोळ्यांत जायची, मोज्यांत तर आठवडाभर निघायची. आमची मॅच ए टीमच्या आधी, म्हणजे बघायला कोण तर शिपाईमामा, दोन कुत्री आणि कुणाचा तरी लहान भाऊ. त्या दिवशी सुतळीवाला पाणी प्यायला गेला आणि गोलसमोरची रेघ मी अंदाजाने मारली. उजव्या पोलापाशी ती जरा मैदानात शिरली, चार बोटं असेल, पाच असेल.

बरं ते असो. तर याच लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेला दुसरा क्लब बिशप ऑकलंड. हौशी खेळाडूंचा एफए अमॅच्युअर कप यांनी दहा वेळा जिंकलाय, 1955, 56, 57 सलग तीनदा. 1954 ची फायनल शेजारच्या क्रूक टाउनशी, आणि लंडनच्या वेम्बली स्टेडियमला एक लाख माणूस! हौशींची मॅच! आणि 1958 ला म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले तेव्हा राखीव टीम उभी राहावी म्हणून बिशप ऑकलंडचे तिघे गेले, हार्डिस्टी, लेविन आणि वॉरन ब्रॅडली. ब्रॅडली पेशाने शाळामास्तर, तो पुढे युनायटेडच्या मेन टीममध्ये खेळला आणि 1959 ला इंग्लंडकडूनही. सोमवारी वर्गात हजेरी घेताना पोरं गप्प बसत असतील का, मला आपलं हेच डोक्यात येत राहिलं.

तो लिप्टन कप 1994 ला चोरीला गेला. आता त्यांच्याकडे आहे ती हुबेहूब नक्कल.

आमची मॅच आम्ही 0-1 ने हरलो. बॉल उजव्या पोलापाशी आला, आमच्या गोलकीपरने अडवला, पण रेफरी झालेल्या सरांनी खाली बघितलं तर बॉल रेघेच्या पलीकडे. गोल. मी काहीच बोललो नाही, बोटांना फक्की तशीच होती. गोलकीपर बिचारा अजून भेटला की म्हणतो, अरे मी धरला होता तो.

धरला होताच त्याने.