पंप विकायला निघाले आणि पुण्यात पोचले

मुलाखत 11 वाजता होती. मी 10:15 लाच त्या गावात उतरले, कारण इथल्या रेल्वेवर आता खुद्द जर्मनांचाही विश्वास उरलेला नाही. स्टुटगार्ट स्टेशनचं बांधकाम 2010 पासून चालूच आहे आणि फलाट गाठायला पत्र्याच्या कुंपणाकडेने एवढं चालावं लागतं, की अर्धा प्रवास पायीच होतो. त्यात त्या दिवशी गाडी चक्क वेळेवर आली. मग काय, बेकरीच्या दारात उभी राहून एक ब्रेत्सल (इथला वेटोळ्याचा खारा पाव) खाल्ला आणि काळ्या ब्लेझरवर सांडलेलं जाड मीठ झटकत बसले.

जागा टेक्निकल सेल्स इंजिनिअरची. त्यातही आउसेनडीन्स्ट, म्हणजे फिरतीची विक्री, आणि जाहिरातीत प्रदेश लिहिला होता बाडेन-व्युर्टेमबर्ग, म्हणजे स्टुटगार्ट ज्यात आहे तेच राज्य. मी इथे मास्टर्स करायला 2023 साली आले. त्याआधीची चार वर्षं शिरोली एमआयडीसीतून साखर कारखान्यांना पंप विकले. गळिताच्या हंगामात रात्री दोनला चीफ इंजिनिअरचा फोन यायचा, "मॅडम, इंजेक्शन पंप आवाज करतोय." त्यामुळे जाहिरात वाचली तेव्हा वाटलं, ही माझ्यासाठीच काढलीय.

समोर दोघं होते, विक्री विभागाचे प्रमुख आणि एचआरच्या बाई. टेबलावर दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक गॅसच्या पाण्याची. मी घाईत गॅसचं ओतून घेतलं आणि पुढचा तासभर ढेकर दाबत बोलले.

पहिला प्रश्न तर लॉटरीच होती. एका गिऱ्हाइकाकडे 80 अंशांचं गरम पाणी आहे, टाकी उघडी, पंप पाण्यापेक्षा 2 मीटर वर बसवलाय आणि आतून खडी भरडल्यासारखा आवाज येतोय. काय कराल? मी कागद मागितला. वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत साधारण 10 मीटर. 80 अंशांना पाण्याचा बाष्पदाबच त्यातले जवळपास 5 खातो. वर 2 मीटरची ओढ, फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) आणि पाइपातलं घर्षण वेगळं. पंपाच्या तोंडाशी उरतं काय? पाणी तिथेच उकळतं, बुडबुडे इंपेलरवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकावर फुटतात आणि धातू कुरतडला जातो. पंप बदलू नका, खाली बसवा. फुटव्हॉल्व्हला आमच्याकडे शेतकरी 'फुटबॉल' म्हणतात हे सांगायचा मोह झाला होता, पण आवरला.

मग विक्रीप्रमुख स्वतःच गिऱ्हाईक झाले. "तुमचा पंप 15 टक्के महाग आहे." मी म्हटलं, पंपाची किंमत एकदाच द्यायची, वीजबिल दरमहा. तुमचा पंप वर्षाला किती तास चालतो ते सांगा, मी हिशोब मांडते. ते हसले, वहीत काहीतरी लिहिलं. मला मनातून पेढे वाटावेसे वाटत होते.

त्यानंतर ते बाईंकडे वळून श्वेबिशमध्ये काही बोलले. माझं जर्मन भाषेचं बी-टूचं प्रमाणपत्र त्या बोलीपुढे पार उताणं पडलं. कळले ते दोनच शब्द, 'गिऱ्हाईक' आणि 'वीस वर्षं'. लायसन्सचं विचारलं. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहाच महिने चालतं. मी खरं ते सांगितलं की थिअरी पास झालेय, गाडीचे तास चालू आहेत.

"हरकत नाही," ते म्हणाले. "तिकडे तुम्हाला ड्रायव्हर मिळेल."

तिकडे म्हणजे कुठे?

पुण्यात. कंपनी तिथे ऑफिस उघडतेय. तुम्हाला तिथली माणसं माहीत, साखर कारखाने माहीत. करार भारतातल्या कंपनीशी, पगार रुपयांत. "इथली गिऱ्हाइकं जुनी आहेत, त्यांना त्यांच्यासारखं बोलणारं माणूस लागतं," हे त्यांनी इतक्या सौजन्याने सांगितलं की रागही धड येईना. पण मग जाहिरातीत बाडेन-व्युर्टेमबर्ग कशाला लिहिलं होतं? हा प्रश्न मला सुचला तो परतीच्या गाडीत. ती गाडी मात्र 40 मिनिटं उशिरा आली.

संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल केला. वाटलं, आई दोन शब्द समजुतीचे बोलेल.

"पुणं? अगं मग घे की! स्वारगेटवरनं गाडीत बसलीस की पाच तासांत घरात!" तिने तिथूनच आतल्या खोलीत हाक मारली, "अहो, ऐकलं का, पोरगी पुण्याला येतीय!"

बाबा स्क्रीनवर आले. थोडा वेळ नुसतेच बघत राहिले. मग म्हणाले, "पगार किती देतो म्हणाले?" मी आकडा सांगितला. शिक्षणकर्जाचा हप्ता त्यांनाही पाठ आहे, मलाही. ते "हं" म्हणाले आणि जेवलीस का विचारलं.

पदवीनंतर नोकरी शोधायला इथे 18 महिने मिळतात, त्यातले पाच संपलेत. पुण्याला उत्तर द्यायला त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. सोमवारी गाडीचा तास आहे. तो मी अजून रद्द केलेला नाही.