हो, मी मुलांना बोटं मोजू देते

पालकसभेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न एकच असतो. “मॅडम, आमचं पोरगं दुसरीत गेलं तरी बोटं मोजतंय. तुम्ही सवय मोडत का नाही?” पाठोपाठ तालुक्याच्या गावी अबॅकसच्या क्लासला जाणाऱ्या चुलतभावाचं उदाहरण येतं. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, समोरचे मान हलवतात आणि पुढच्या सभेत परत तेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

पहिलीत आलेल्या मुलापुढे आठ चिंचोके ठेवा. ते एक ते आठ नीट मोजेल. मग विचारा, “किती आहेत?” पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. मोजणं येतं, पण शेवटी म्हटलेला ‘आठ’ हा सगळ्या ढिगाचा आहे, हे अजून पक्कं झालेलं नसतं. तेच चिंचोके जरा लांब लांब मांडले की “आता जास्त झाले” म्हणणारी मुलंही असतात. मुलांचा विचार कसा वाढतो ते अभ्यासणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे १९४१ सालीच लिहून ठेवलं आहे, आणि कुठल्याही अंगणवाडीताईला ते रोज दिसतं. अशा वयात आकडा हातात धरता यावा लागतो. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या महागडी साधनं बाजूला ठेवून, आसपास मिळेल त्या वस्तूंवर. बोटं तर मुलाच्या अंगावरच आहेत, आणि तीही पाच-पाचच्या दोन गटांत. आठ दाखव म्हटलं की एक अख्खा हात आणि वर तीन. मिटलेली दोन बोटं सांगतात की दहाला दोन कमी आहेत. ‘आठ अधिक पाच’ करताना पाचातले दोन आठाला द्यायचे, दहा करायचे, उरले तीन, झाले तेरा. हे सगळं हातांवर दिसतं. वहीतल्या ‘८ + ५ =’ मध्ये त्यातलं काहीच दिसत नाही.

आपल्या भाषेतल्या संख्यानामांतही ते दिसत नाही. ‘सतरा’ ऐकून त्यात दहा आणि सात आहेत, हे सहा वर्षांच्या मुलाला कसं कळावं? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं, तेव्हा २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या आणि लोक चेष्टा करत होते. माझ्या वर्गात मी दोन्ही म्हणून घेते. दशक आणि सुटे कानावर पडलेले मला हवे असतात.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल. तिच्याबद्दल मी सभेत कधी बोलत नाही, कारण नीट बोलता येत नाही.

ती दुसऱ्या गावच्या शाळेतून आमच्याकडे दुसरीत आली. गणिताचा तास सुरू झाला की दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायची. मला वाटलं, लकब असेल. उत्तरं बरोबर यायची, फक्त सावकाश. आधीच्या शाळेच्या शेऱ्यातही ‘उत्तर द्यायला वेळ लावते’ एवढंच होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि तिच्या चुका व्हायला लागल्या. आठ अधिक पाच चौदा. सात अधिक सहा चौदा. तेरा वजा पाच सात. आई-वडील म्हणाले, सुट्टीत विसरली. मला ते पटेना, म्हणून तिच्या चुका एकाखाली एक लिहून काढल्या. दहाच्या आतलं सगळं बरोबर होतं. दहाच्या पुढे गेलं की बेरीज एकाने जास्त आणि वजाबाकी एकाने कमी. विसरणाऱ्या मुलाच्या चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत.

मग तिच्या शेजारी बसले, एक बेरीज सांगितली आणि वहीऐवजी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. जबडा किंचित हलत होता. गालाच्या आतून जीभ फिरत होती. मी सहज विचारलं, “तोंडात काय करतेस गं?” तिचा चेहरा उतरला. हात आणखी खाली दाबले गेले. “बाई, मी बोटं नाही मोजली. खरंच नाही मोजली.” आणि ती रडायला लागली.

खिचडी खाऊन झाल्यावर, बाकीची मुलं अंगणात गेल्यावर तिने सांगितलं. आधीच्या वर्गात बोटं मोजली की पेरांवर पट्टी बसायची. मग हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. म्हणून तिने दात शोधले होते. दुधाचे दात वर दहा, खाली दहा. एका टोकापासून जीभ लावत निघायचं, वरची ओळ संपली की दहा झाले, मग खालची ओळ. मागे नवी आलेली दाढ मोजायची नाही, हेही तिचं तिनेच ठरवलं होतं. दिवाळीत वरचा पुढचा दात पडला. ओळीत नऊ उरले आणि ती त्यांना दहाच धरत राहिली.

मी हे कितीदा तरी मनात घोळवलं आहे. सात वर्षांच्या मुलीने दहाचा गट ही गणितातली मोठी कल्पना स्वतः उभी केली होती आणि ती तोंडात लपवून ठेवली होती. शिकवणाऱ्याला जे दिसायला हवं, नेमकं तेच लपवायला तिला शिकवलं गेलं होतं. दात पडला नसता तर मलाही कळलं नसतं.

तिचे हात वर बाकावर यायला संक्रांत उलटली. आधी एकच हात, तोही वहीआड. पुढच्या सभेत तिचे वडील उठून म्हणाले, “मॅडम, आधी ही बोटं मोजत नव्हती. तुमच्याकडे आल्यावर लागली.” सभा संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन दातांचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण परीक्षेत वेळ लागणारच ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. वेळ लागतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत घड्याळ थांबत नाही. नोकरीला नवी होते तेव्हा मी पालकांना छातीठोकपणे सांगायचे, “बोटं आपोआप सुटतात, काळजी करू नका.” पुष्कळांची सुटतातही. पण चौथीत गेलेला एक मुलगा आजही ‘सहा अधिक सात’साठी एकपासून तेरापर्यंत मोजतो. त्याला मी पहिलीत हवं तेवढं मोजू दिलं होतं. मोजू देणं पुरत नाही, असं आता मला वाटतं. एकपासून सगळं मोजणारं मूल मोठ्या संख्येच्या पुढून मोजायला लागलं पाहिजे. मग दहा करायला लागलं पाहिजे. या प्रत्येक वळणावर कुणीतरी सोबत लागतं. सापशिडीत आठच्या घरावरून पाच जायचं असताना उभ्या घरालाच ‘एक’ म्हणणारं मूल बघा. त्याला रागावून उपयोग नसतो, बोट धरून पुढच्या घरावर न्यावं लागतं. मात्र चौथीतल्या त्या मुलाला जास्त सोबत दिली असती तर त्याची बोटं सुटली असती का? मनातली एक मी म्हणते हो, दुसरी म्हणते काही मुलांना खरंच वेगळं काही लागतं.

पाढ्यांच्या मी विरोधात नाही. उजळणी माझ्या वर्गात रोज होते, मुलांना तो ठेका आवडतो. अबॅकसच्या क्लासलाही वाईट म्हणत नाही. पण तिथली मुलं तोंडी हिशोब करताना हवेत मणी सरकवल्यासारखी बोटं हलवतात, ते तुम्ही कौतुकाने बघता. माझ्या वर्गातली बोटं तेवढी खुपतात. जप करणारे तुमचे आजोबा पेरांवर मोजतात, त्यांना कुणी कच्चं म्हणत नाही.

यंदा दुसरीला एक नवीन करून बघते आहे. बोटं वर करायच्या आधी डोळे मिटायचे, आपलेच हात मनात बघायचे, किती बोटं मिटलेली दिसतात ते सांगायचं. मग डोळे उघडून खऱ्या हातांवर पडताळायचं. काहींना जमतंय, काही नुसतेच डोळे मिटून बसतात. चौथीतल्या त्या मुलाच्या आईने परवा पुन्हा तोच प्रश्न विचारला. रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर दहा मिनिटं सापशिडी खेळा, एका फाशाऐवजी दोन फासे घ्या, असं तिला सांगितलं आहे. दोन्ही फाशांवरचे ठिपके मिळून किती, ते सोंगटी हलवण्याआधी त्याने सांगायचं. बोटं वापरली तर वापरू द्या, असंही सांगितलं. ते तिला पटलेलं दिसलं नाही.