दगडानंतरचे छायाचित्र

पंचगंगेच्या काठावरील एका जुन्या वडावर मोठ्या फलाहारी वटवाघळांची वस्ती आहे. एका नियतकालिकाच्या कामासाठी गेल्या एप्रिलमध्ये मी तेथे सलग चार दिवस गेलो. या कामात खरी अडचण अंतराची नसून उजेडाची असते. दिवे लागणीला ती उडू लागतात तेव्हा आकाशात राखाडी उजेड तेवढा उरलेला असतो; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० वर नेऊनही शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या पुढे जात नाही, आणि सव्वा मीटर पसरलेल्या पंखांची टोके पुसट येतात. फ्लॅश मी वापरत नाही, कारण ही वटवाघळे प्रतिध्वनीवर नव्हे, तर डोळ्यांवर आणि वासावर विसंबून वावरतात. तिसऱ्या संध्याकाळी एक वटवाघूळ नदीला पोट टेकवून गेले. झाडावर जाऊन ती ओली लव चाटायची, अशी त्यांची पाणी पिण्याची तऱ्हा आहे. ती फ्रेम मला आजही प्रिय आहे. संपादकांनी मात्र ‘पंख स्पष्ट हवेत’ एवढेच कळवले.

चौथ्या दिवशी भर दुपारी, उलटे लटकून पंखांनी वारा घेणारी वटवाघळे मी टिपत असताना म्हशी राखणारा एक मुलगा जवळ आला. “उठवू काय पावणं? एका दगडात समदी उडत्यात की!” मी ‘नको’ म्हणालो, पण किती मोठ्याने म्हणालो, हे मला आजही सांगता येत नाही, कारण त्याच वेळी माझे बोट शटर १/२००० वर नेत होते.

दगड पडला आणि अख्खी वस्ती उठली. पंखांच्या पातळ कातड्यातून ऊन आरपार येऊन बोटांची हाडे छत्रीच्या काड्यांसारखी दिसत होती. एका मादीच्या छातीला पिल्लू बिलगलेले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, पण दगड मारणाऱ्याला ते कोण सांगणार? मी तरी सांगितले नाही.

छायाचित्र पानभर छापून आले आणि वाखाणले गेले. डोक्यावरच्या उन्हात सगळी वस्ती एकदम कशी काय उडाली, असे जाणकारांपैकीही कोणी विचारले नाही. वटवाघळे पुन्हा झाडावर टेकेपर्यंत बारा मिनिटे गेली, हे मी नंतर फायलींवरच्या वेळांवरून मोजले. परत बसलेल्या थव्याच्या साऱ्या फ्रेम मोठ्या करून पाहिल्या; पिल्लू घेतलेली ती मादी मला कोठे सापडली नाही.