आमची वाटचाल: डिस्क नसलेल्या पडद्यांचा धंदा

भोसरीच्या टूल डिझाइन ऑफिसांत आम्ही एक्स टर्मिनलं (प्रोग्रॅम होस्टवर, म्हणजे दुसऱ्या मोठ्या मशीनवर चालतात आणि त्यांच्या खिडक्या नेटवर्कवरून दाखवणारे हे पडदे) बसवायचो, तेव्हा समोरचा पीसीवाला एकच वाक्य फेकायचा: "यात हार्ड डिस्कच नाही, हा कसला कॉम्प्युटर?" अहो, डिस्क नाही म्हणून तर डिस्क उडत नाही! टर्मिनल गेलं की दुसरं ठेवायचं, होस्टवर बूटपीच्या (टर्मिनलला नेटवर्कवरचा पत्ता देणाऱ्या सोयीच्या) फाइलीत नवा इथरनेट पत्ता टाकायचा, ड्राफ्ट्समन परत कामाला.

सुरू होताना टर्मिनल बूटपीने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मागतं, टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने एक्स सर्व्हर, म्हणजे पडदा रंगवणारा प्रोग्रॅम, होस्टवरून उतरवून घेतं, एक्सडीएमसीपीने होस्टचं लॉगिन आणतं. टीएफटीपीवर अडकलं तर आधी होस्टवरच्या फाइलीची परवानगी बघा. ती सगळ्यांना वाचता यायला हवी.

खरा छळ केबलचा. थिन इथरनेटचा (सगळी यंत्रं एकाच बारीक केबलवर माळेसारखी) तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर ३० जोडण्या, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक). झाडूवाल्याने टेबल सरकवताना एक टोक निघालं की अख्खी लाइन झोपते आणि शिव्या टर्मिनलला! लाइन बंद ठेवून टी-जोडावर मल्टिमीटर लावा. २५ ओहमच्या आसपास आलं तर दोन्ही टोकं जागेवर, ५० आलं तर एक गायब. केबल टीव्हीची ७५ ओहमची वायर कोणी मध्ये घुसवली असेल, तर ती मात्र मीटरला सापडत नाही. सिग्नल सांध्यावरून उलटा फिरतो, पाकिटं गळतात. वायरीवरचा छापील नंबर वाचल्याशिवाय कनेक्टर क्रिंप करू (दाबून बसवू) नका.

जाणकार गिऱ्हाईक ब्लिटचा, म्हणजे एक्सच्या आधीच्या एका चित्र दाखवणाऱ्या टर्मिनलचा, विषय काढायचं. बेल लॅब्जमध्ये १९८२ च्या सुमारास रॉब पाइक आणि बार्ट लोकँथी यांनी ते केलं: ८०० बाय १०२४ चा उभा पडदा, ६८००० प्रोसेसर, २५६ केबी मेमरी. सगळा संसार सिरियल लाइनवर. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) पडदाभर चित्र पाठवायला पावणेदोन मिनिटं जातात, म्हणून त्यांनी चित्राऐवजी छोटा प्रोग्रॅमच टर्मिनलमध्ये उतरवला. डोकं आहे, मान्य. पण मग प्रत्येक प्रोग्रॅम दोन तुकड्यांत लिहायचा, आणि मेमरीला संरक्षण नसल्यामुळे एक बिघडला की बाकीच्या खिडक्याही धोक्यात. एक्समध्ये प्रोग्रॅम होस्टवरच राहतो. लिहिणाऱ्याची सोय झाली, भार नेटवर्कवर आला. होस्ट बसला की अख्खं ऑफिस बसलं, हेही खरं.

दुसरं दुखणं रॅमचं. ८ बिट रंगात १०२४ बाय १०२४ चं पडद्यामागे ठेवलेलं एक चित्र १ एमबी खातं. ४ एमबीच्या टर्मिनलवर बॅकिंग स्टोअर (झाकलेल्या खिडक्यांची चित्रं मेमरीत जपून ठेवणं) चालू ठेवून कॅड, म्हणजे डिझाइनचा प्रोग्रॅम, चालवलं की बॅडअॅलॉक, म्हणजे मेमरी संपल्याची चूक, ठरलेला. बॅकिंग स्टोअर बंद करा, आणि पैसे असतील तर मोठ्या पडद्याआधी रॅम घ्या.

विंडोज ९५ आल्यावर मात्र धंदा बुडायलाच आला. कोटेशनमध्ये टर्मिनलशेजारी पीसीचा भाव मांडला जायचा. त्या प्रत्येक पीसीवरचे व्हायरस काढणाऱ्या माणसाचा पगार कुठल्याच रकान्यात नसे. राग अजून आहे. डाय बनवणारे एक शेठ तेवढे टर्मिनलांवर ठाम राहिले, त्यांच्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टवर दुकान तगलं. पुढे १९९९ मध्ये लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट (साध्या पीसीला टर्मिनलसारखं चालवणारं सॉफ्टवेअर) आला, आणि तेच पीसी जुने झाल्यावर डिस्क काढून टर्मिनल म्हणून लावून द्या, असे फोन येऊ लागले. त्यासाठी तेव्हा नेटवर्क कार्डावर बूट रॉमचं (डिस्कशिवाय नेटवर्कवरून सुरू करणाऱ्या चिपचं) सॉकेट लागायचं. नसेल तर बूटची फ्लॉपी चालायची, पण धुळीत ती फार टिकायची नाही.