दाब वाढवलेला चेनसॉ सुरू होत नाही? आधी दोरीला विचारा

हिवाळाभर लाकूड जाळून घर ऊबदार ठेवायचं असेल तर चेनसॉ लागतोच. इकडची हौशी मंडळी तो कंपनीने दिला तसा ठेवत नाहीत. सिलिंडरखालचं गास्केट (सांध्यातली पातळ पट्टी) काढतात, पोर्ट (वायू आत-बाहेर जायची भोकं) मोठे करतात, सायलेंसर मोकळा करतात, फ्लायव्हील (इंजिनचं जड फिरतं चाक) थोडं सरकवून टायमिंग पुढे घेतात, म्हणजे ठिणगी लवकर पाडतात. कापायला मशीन जबर होतं, पण सुरू करताना घाम काढतं. मग सगळा दोष वाढलेल्या कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमधल्या दाबावर) ढकलला जातो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो.

‘सुरू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. सुरू करायची दोरी ओढवतच नाही, ही एक. दोरी ओढता ओढता हातातून हिसकली जाते, ही दुसरी. दोरी नीट ओढली जाते पण इंजिन पेटत नाही, ही तिसरी. नेमकी कुठली तक्रार आहे ते ठरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

हिसका बसत असेल तर संशय टायमिंगवर घ्या. जुन्या बुलेटची किक पायाला उलटी मारायची, तोच हा प्रकार. पिस्टन वर पोहोचायच्या आधीच ठिणगी पडते आणि पेटलेला वायू त्याला उलटा ढकलतो. इंजिन वेगात असताना पिस्टन तेवढ्या वेळात वरून पुढे निघून गेलेला असतो. हाताने ओढताना वेग कमी, म्हणून धक्का थेट मनगटाला. टायमिंग पुढे घेण्यासाठी फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी पट्टी) घासतात. अर्धा मिलिमीटर घासली तर शाफ्टच्या जाडीनुसार चार-पाच अंशांचा फरक पडतो, आणि कॉम्प्रेशन वाढवलेल्या मशीनला तो जड जातो. हँडल तुटणं, स्टार्टरचे खटके मोडणं, दोरी तुटणं हे पुढचे परिणाम. उपाय सोपा आहे: चावी मूळ जागी आणा किंवा घासणं निम्म्यावर ठेवा. ताकदीत पडणारा फरक कापताना क्वचितच जाणवतो. चावी घासलेली नसतानाही हिसका बसत असेल तर फ्लायव्हील काढून ती अर्धवट तुटली आहे का ते पाहा. नट नीट आवळलेला नसला की असं होतं.

दोरी ओढवतच नसेल तर आधी मोजमाप. कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद ठेवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सहा-आठ वेळा ओढा. मूळ मशीन साधारण १५० ते १७० पीएसआय दाखवतं, चांगलं मॉडिफाय केलेलं १८० ते २१०. इथे एक फसवणूक असते. गाडीचा लांब नळीचा गेज वापरला आणि त्याची झडप प्लगच्या टोकाला नसली, तर आकडा बराच कमी येतो. ७० सीसीच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर उरणारी जागा जेमतेम सात-आठ मिलिलीटर असते. नळीतली पोकळी त्यात मिसळली की गेजला काय कळणार?

आकडा २२० च्या पुढे असेल तर स्क्विश तपासा, म्हणजे पिस्टनची कड आणि सिलिंडरचं डोकं यांच्यातली फट. दीड मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत घाला. तिचं टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकू द्या. गजन पिन (पिस्टनला दांड्याशी जोडणारी) ज्या दिशेने आडवी आहे त्या दिशेलाच ठेवा, नाहीतर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. फ्लायव्हील हाताने एकदा फिरवा, तार काढा आणि चपटं झालेलं टोक व्हर्नियरने मोजा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. अर्धा मिलिमीटर आलं तर उत्तम. ०.४५ च्या खाली गेलं तर पूर्ण वेगात पिस्टन डोक्याला टेकण्याचा धोका, तिथे पातळ गास्केट परत घालणं भाग आहे.

माप ठीक असूनही दोरी जडच वाटत असेल तर डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (ओढताना थोडा दाब बाहेर सोडणारी, बटणाची झडप) हवा. तो आधीच असेल तर काजळीने जाम झालाय का ते पाहा. बटण दाबल्यावर खालीच राहायला हवं आणि इंजिनने पहिला ठोका दिला की आपोआप वर यायला हवं. बरेच जण इथेच चुकतात. चोक लावून ओढलं, एक ‘पॉप’ आला, चोक अर्धा केला आणि परत ओढलं, पण बटण पुन्हा दाबलं नाही. मग पूर्ण दाबाविरुद्ध अर्धवट ओढ बसते. कानावर इअरमफ असतील तर तो पॉप ऐकूही येत नाही, कारण डिकॉम्प उघडा असताना तो मुळातच मवाळ असतो. चोक तसाच राहतो, पाचव्या-सहाव्या ओढीला प्लग ओलाचिंब होतो आणि दोष मात्र ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला.

ओढायचीही एक रीत आहे. सॉ जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. दोरी हळू ओढत कॉम्प्रेशनचा अडथळा हाताला लागेपर्यंत आणा, तो जेमतेम ओलांडा, दोरी आत जाऊ द्या आणि मग एकच लांब, जोरदार ओढ. आता पिस्टनला पुढच्या अडथळ्यापर्यंत वेग घ्यायला जवळजवळ पूर्ण फेरा मिळतो. हातात लटकवून, सॉ खाली झटकत सुरू करणं मॉडिफाय केलेल्या मशीनवर तर अजिबात नको.

आता तिसरी तक्रार: ओढलं जातं पण पेटत नाही. प्लग काढा.

प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय, ठिणगी तपासा. प्लग बाहेर काढून सिलिंडरला टेकवला आणि निळी ठिणगी दिसली, एवढ्यावर समाधान मानू नका. दाबाखालच्या हवेत ठिणगी उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. उघड्यावर छान उडणारी ठिणगी २०० पीएसआयला मरू शकते. चार-पाच मिलिमीटर फटीचा स्पार्क टेस्टर वापरा, तो प्लगच्या भोकापासून लांब धरा (आतून पेट्रोलची वाफ उडत असते) आणि त्याची अर्थिंगची तार इंजिनच्या धातूला पक्की जोडा, नाहीतर कॉइल जळते. प्लगची फट ०.५ वरून ०.४ मिलिमीटर केली की कमकुवत कॉइलही बऱ्याचदा निभावते. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ०.२५ ते ०.३ मिलिमीटर ठेवा. जाड व्हिजिटिंग कार्ड तिथे घालून कॉइल चुंबकाकडे ओढू दिली आणि स्क्रू आवळले की झालं.

प्लग कोरडा असेल तर इंधनाकडे वळा. टाकीतलं फिल्टर, तडकलेली पाइप, कार्ब्युरेटरचा कडक झालेला डायफ्राम (पातळ पडदा) हे नेहमीचे. मॉडिफाय केलेल्या मशीनचं मात्र एक खास कारण असतं. गास्केट काढल्यावर सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली बसतो, त्यामुळे इनटेक पोर्ट लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. वेगात हे फायद्याचं. हाताने ओढताना मात्र आत आलेलं मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटं थुंकलं जातं. एअर फिल्टरच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर समजा तेच चाललंय. कार्ब्युरेटरचा एल स्क्रू (कमी वेगाचं इंधन ठरवणारा) थोडा रिच करून, म्हणजे पेट्रोल वाढवून बघा. हलक्या हाताने पूर्ण बंद करून एक फेरा उघडणं ही सुरुवात, तिथून अष्टमांश-अष्टमांश फेऱ्याने पुढे. एच स्क्रूचा (जास्त वेगाच्या इंधनाचा) सुरू होण्याशी फारसा संबंध नाही, पण सायलेंसर मोकळा केल्यावर तो पुन्हा लावलाच पाहिजे, नाहीतर मशीन लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर चालून पिस्टन घासतो.

गास्केटऐवजी सीलंट लावलं असेल तर गळती धरून चाला. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनच्या आत साधारण अर्धा बार दाब द्या, साबणाचं पाणी लावा, मग हवा ओढून तेवढाच व्हॅक्यूम. दोन्ही करणं गरजेचं, कारण क्रँकचं सील दाबाला टिकूनही व्हॅक्यूमला हवा ओढू शकतं. तपासताना क्रँक हळू फिरवत राहा.

पेट्रोल महिन्याहून जुनं असेल तर हे सगळं करण्याआधी टाकी रिकामी करा. जास्त ऑक्टेनचं ताजं पेट्रोल, पाच लिटरला १०० मिलिलीटर टू-स्ट्रोक तेल. दोरी मात्र मूळ ३.५ ची असेल तर ४ किंवा ४.५ मिलिमीटरची टाका, पुलीत पूर्ण गुंडाळली जाते का बघून.