बसच्या पैशांबद्दल आपण विचारले पाहिजे
१ जून २०२५ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये शहर बस चालवणाऱ्या पीएमपीएमएल या कंपनीचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपयांवर गेले, तेव्हा आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या ताई दोन थांब्यांचे अंतर पायीच कापू लागल्या. भाडेवाढीवर आपण हळहळतो, पण बससेवेचा खर्च भागतो कसा, हे फारसे कोणी विचारत नाही. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवांच्या विलीनीकरणातून २००७ मध्ये उभ्या राहिलेल्या या कंपनीची संचलन तूट, म्हणजे उत्पन्नातून न भागणारा बस चालवण्याचा खर्च, पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरून काढतात. त्यामुळे गाड्या किती आणि किती वेळाने धावणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी या दोन अंदाजपत्रकांत होतो. पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे, पण आमच्या भागातून जाणाऱ्या अर्जांत बाकडी आणि कमानीच अधिक असतात, हे मला मनापासून खटकते. यंदा मी थांब्यावर छप्पर, वेळापत्रकाचा फलक आणि थांब्यापर्यंत सलग पदपथ मागितला असून, नव्या बसगाड्यांसाठी किती तरतूद होणार, अशी लेखी विचारणाही आयुक्तांकडे केली आहे. शेजाऱ्यांनीही आपापले अर्ज मुदतीत द्यावेत, ही कळकळीची विनंती.